नावाखालची कोरी जागा

विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकन विद्यापीठजीवन हा विषय अभ्यासासाठी घेतला, तेव्हा पहिले सहा महिने मी केवळ इयरबुके वाचत होते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

इयरबुक म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या वर्गाने स्वतःच काढलेला स्वतःच्या आठवणींचा ग्रंथ. त्यात छायाचित्राखाली नाव, गाव, मित्रांनी ठेवलेले टोपणनाव, मग फ्रॅटर्निटीची, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाची, ग्रीक अक्षरे, अमेरिकन फुटबॉलचा (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) किंवा नौकानयनाचा संघ, गायनमंडळ, वादसभा अशी यादी येते. एकाच्या नावाखाली आठ ओळी असतात आणि शेजारच्याच्या नावाखाली केवळ गाव, पुढे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेतला विद्यार्थी चार वर्षे काय करत होता, हा प्रश्न मला फार उशिरा पडला, आणि खरा अभ्यास तिथूनच सुरू झाला.

त्याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या दैनिकांत सापडते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे 'स्पेक्टेटर' १८७७ पासून आणि कॉर्नेल विद्यापीठाचे 'डेली सन' १८८० पासून निघत आले असून दोन्हींचे जुने अंक आता संगणकावर वाचता येतात. मात्र मथळे वाचून थांबू नये, छोट्या जाहिराती वाचाव्यात. भाड्याच्या खोल्या, जुनी पुस्तके, शिकवण्या, खाणावळी यांचे जग तिथे उलगडते. अनेक गरीब विद्यार्थी खाणावळीत वाढप्याचे काम करून दोन वेळचे जेवण मिळवत, कोणी पहाटे घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या घरोघर जाऊन पेटवत. आपल्याकडे वार लावून शिकणाऱ्या मुलांची आठवण येणे साहजिक आहे. पण वार हे यजमानाचे पुण्य होते, तर तिथे जेवण ही कामाची मजुरी होती. हा फरक लक्षात ठेवला, तर त्या समाजातील श्रमाविषयीची दृष्टी बरीच समजते.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ठरावीक टोपी घालावी, वरच्या वर्गांचा मान राखावा, असे नियम अनेक ठिकाणी होते. त्यांवर विपुल लिहिले गेले आहे, म्हणून इथे अधिक विस्तार करत नाही. फुटबॉलकडे मात्र दुर्लक्ष करू नये. १९०५ च्या हंगामात मैदानावर खेळाडू दगावले. त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, पुढच्याच वर्षी खेळाचे नियम बदलले, आणि कोलंबियाने तर हा खेळच बंद केला, तो १९१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. खेळाचा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचावा, इतके त्याचे महत्त्व होते.

कोण कुठल्या मंडळात बसू शकत नव्हता, हेही पाहावे. कॉर्नेलमध्ये १९०६ च्या डिसेंबरात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' ही स्वतःची फ्रॅटर्निटी स्थापन केली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथे १९०४ पासून कॉस्मोपॉलिटन क्लब होता. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्येच कॉर्नेलला गेले आणि तिथे त्यांनी जातिव्यवस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. वर्णभेदाची रेषा डोळ्यांसमोर असलेल्या त्या परिसरात जातीचा अभ्यास होत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कोलंबियाकडे आपले वाचक साहजिकच डॉ. आंबेडकरांसाठी वळतात. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्या विद्यापीठात फुटबॉलचा संघ नव्हता. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असूनही इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांना घेता आले. आवडीचे विषय निवडण्याची मोकळीक हार्वर्डमध्ये त्या विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी रुजवली होती आणि ती हळूहळू देशभर पसरली. भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. नव्या अभ्यासकाने आपले पहिले काम म्हणून 'स्पेक्टेटर'चे त्या आठवड्याचे अंक उघडावेत, आणि जाहिरातींसकट वाचावेत.