वर्डमध्ये मराठी पुस्तकाची प्रकरण-शीर्षके बसवताना

बडोद्यात मराठी मजकूर टाइप करून घ्यायचा, तर तो बहुधा दिवसभर गुजराती टाइप करणाऱ्या हातांतून जातो. मराठी मंडळाची स्मरणिका असो, सयाजीराव विद्यापीठात सादर करायचा प्रबंध असो की घरातल्या कुणाच्या आठवणींचे छोटे पुस्तक असो, मजकूर ठीकठाक येतो. घोडे अडते ते प्रकरणांच्या शीर्षकांपाशी. एक शीर्षक १८ पॉइंटात, दुसरे २० मध्ये, तिसरे पानाच्या तळाशी एकटे लटकलेले. अनुक्रमणिकेत पान ४१ आणि प्रत्यक्षात ४३. या सगळ्याचे मूळ एकच: ओळ निवडायची, ठळक करायची, आकार वाढवायचा, मध्यभागी आणायची आणि पुढे जायचे. ती ओळ म्हणजे शीर्षक आहे हे वर्डला त्यातून कळतच नाही. त्याच्या लेखी तो एक जाडा परिच्छेद असतो.

सुरुवात फाँट तपासण्यापासून करा. एखादी मराठी ओळ निवडून तिला एरियल फाँट द्या. अक्षरे देवनागरीच राहिली, तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षरे तीच राहणाऱ्या पद्धतीतला. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर तो शिवाजी किंवा तशाच जुन्या फाँटात आहे. तशा मजकुराला शीर्षकाची स्टाइल (म्हणजे फाँट, आकार, जागा यांचा नाव देऊन ठेवलेला साचा) लागते, पण नॅव्हिगेशन पेनमध्ये, म्हणजे शीर्षकांची यादी दाखवणाऱ्या बाजूच्या पट्टीत, कचरा दिसतो, आणि अनुक्रमणिकेच्या स्टाइलचा फाँट वेगळा असला की तिथेही तेच. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. मग रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घाला. रूपांतरात मार बसतो तो यांनाच.

आता प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा. हेडिंग १ ही स्टाइल लागते. दिसायला ती निळी, डावीकडे सरकलेली, काहीशी परकी वाटेल. तिथल्या तिथे हाताने रंगरंगोटी करू नका. होम टॅबवर हेडिंग १ वर उजवी क्लिक करून मॉडिफाय उघडा. खाली डावीकडच्या फॉरमॅट बटनातून फाँटमध्ये जा.

मराठीत बहुतेकांची फसगत होते ती याच खिडकीत. तिचे दोन भाग आहेत: वर लॅटिन टेक्स्ट, खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स. देवनागरी अक्षरांवर हुकूम चालतो तो खालच्या भागाचा. वरच्या भागात २० पॉइंट आणि बोल्ड करून ओके दाबले, तर मराठी शीर्षक जागचे हलत नाही. फक्त त्यातला एखादा इंग्रजी शब्द फुगतो. फाँट, ठळकपणा आणि आकार तिन्ही खाली भरा, आणि वरही तेच आकडे ठेवा. खालचा भाग दिसतच नसेल, तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज या वाटेने मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

डेमी आकाराच्या पुस्तकात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर, मजकूर १२ पॉइंटात असेल तर प्रकरणाचे नाव २० पॉइंट पुरे. ए-फोर प्रबंधात १८ शोभते. विद्यापीठाचा किंवा मार्गदर्शकांचा ठरलेला नमुना असेल, तर अर्थातच तोच पाळायचा. फाँट निवडताना बडोद्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. शीर्षकात किंवा उपशीर्षकात गुजराती शब्द येणार असतील, तर मंगलमध्ये गुजराती अक्षरेच नाहीत. वर्ड ती परस्पर दुसऱ्या फाँटातून आणतो आणि ओळीतला अर्धा भाग बारीक दिसतो. निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे जाडी जुळते.

त्याच खिडकीतल्या कॅरेक्टर स्पेसिंगला हात लावू नका. इंग्रजी शीर्षकात अक्षरे ऐसपैस केलेली छान दिसतात. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरपी अक्षरेही टाळा. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत खरे इटॅलिक नसते, वर्ड सरळ अक्षर नुसते कलते करतो. आणि अधोरेखन? खालचे उकार खोडल्यासारखे दिसतात, एवढे सांगितले तरी बास.

फॉरमॅटमधून आता पॅराग्राफ उघडा. मध्यभागी आणा, नंतरची जागा ३० पॉइंट ठेवा. स्पेशल या खान्यात ‘नन’ आहे ना ते नक्की पाहा. मूळ मजकुराच्या नॉर्मल स्टाइलला पहिल्या ओळीचा अर्धा इंच समास दिलेला असेल, तर हेडिंगही तो वारशाने घेते आणि मध्यभागी आणलेले नाव उजवीकडे कलते. पट्टी लावून बघणाराच वाचक ते पकडतो असे नाही. नुसत्या नजरेलाही खटकते. ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. २० पॉइंटाच्या अक्षराला २० पॉइंटाची ओळ दिली, की ‘र्की’, ‘शैं’ यांच्या मात्रा-वेलांट्या वरून छाटल्या जातात. ‘ॲट लीस्ट’ किंवा ‘सिंगल’ ठेवा. लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’वर खूण असली, म्हणजे शीर्षक तळाशी एकटे पडत नाही. मॉडिफायच्या खिडकीत ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ मात्र रिकामे ठेवा; नाहीतर एका शीर्षकात केलेला फालतू बदल सगळ्या शीर्षकांत पसरतो.

क्रमांक हाताने टाइप करू नका. कीबोर्ड गुजरातीवर राहिला असेल, तर गुजराती १ आणि २ देवनागरीसारखेच दिसतात. चूक छापून झाल्यावरच लक्षात येते, आणि शोधताना ‘प्रकरण २’ सापडत नाही. होम टॅबवरच्या मल्टिलेव्हल लिस्टमधून ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ उघडा, मोअर दाबा, पहिली पातळी निवडून ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’मध्ये हेडिंग १ घ्या. नंबर फॉरमॅटच्या चौकटीत करड्या आकड्याच्या आधी ‘प्रकरण’ आणि एक मोकळी जागा टाइप करा, आकड्यानंतर अपूर्णविराम (:). आकड्याच्या प्रकारांच्या यादीत देवनागरी अंक निवडा. त्या यादीत अक्षरी आकडेही असतात, पण ते हिंदीत. ‘प्रकरण दो’ छापून यायला नको.

क्रमांक एका ओळीत आणि नाव खालच्या ओळीत हवे असते तेव्हा शिफ्ट-एंटरचा मोह होतो. ती तोडलेली ओळ तशीच अनुक्रमणिकेत आणि पानाच्या शीर्षपट्टीत (हेडरमध्ये) उतरते. त्यापेक्षा ‘प्रकरण १ : मांडवीभोवतीचे शहर’ असे एका ओळीत ठेवणे सोपे, आणि प्रबंधात तर तेच बरे.

शीर्षपट्टीत चालू प्रकरणाचे नाव हवे असते, आणि जिथून प्रकरण सुरू होते त्या पानावर ती पट्टी नको असते. म्हणून प्रत्येक प्रकरणाआधी लेआउट टॅबवरच्या ब्रेक्समधून सेक्शन ब्रेक, म्हणजे नवा भाग सुरू करणारी खूण, टाकावा लागतो: साधा असेल तर नेक्स्ट पेज, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर हवे असेल तर ऑड पेज. ऑड पेजने मध्ये कोरे पान सुटते. ते संपादनाच्या पडद्यावर दिसत नाही, पीडीएफमध्ये दिसते. घाबरून काढायला जाऊ नका. ब्रेक टाकण्याआधीच पट्टीत दोनदा क्लिक करून ‘डिफरंट फर्स्ट पेज’ आणि ‘डिफरंट ऑड अँड ईव्हन’वर खुणा करा. नंतरचे सेक्शन तीच मांडणी उचलतात, एकेक भाग उघडून बसावे लागत नाही.

डाव्या पानाच्या पट्टीत पुस्तकाचे नाव टाइप करा. उजव्या पानाच्या पट्टीत नाव टाइप करायचे नाही. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड असे जाऊन स्टाइलरेफ निवडा आणि त्यात हेडिंग १. प्रत्येक पानावर त्या त्या प्रकरणाचे नाव आपोआप येते. ‘लिंक टू प्रीव्हियस’ तोडायची गरज नाही.

नाव लांबलचक असेल तर? समजा शीर्षक आहे ‘सक्तीचे प्राथमिक शिक्षण : अमरेलीतल्या १८९३ च्या प्रयोगापासून १९०६ च्या राज्यव्यापी कायद्यापर्यंत’. हे पट्टीत दोन ओळींत जाते आणि मजकूर खाली ढकलते. न्यू स्टाइलमधून कॅरेक्टर प्रकारची ‘लघुशीर्षक’ स्टाइल करा, दिसण्यात काहीही बदल न करता. ती फक्त ‘सक्तीचे प्राथमिक शिक्षण’ एवढ्याच शब्दांना लावा आणि पट्टीतल्या स्टाइलरेफमध्ये हेडिंग १ ऐवजी लघुशीर्षक घ्या. मग छोट्या नावांच्या प्रकरणांतही ती लावायला विसरू नका. विसरलात तर पट्टी आधीच्या प्रकरणाचेच नाव दाखवत राहते, कारण पानावर ती स्टाइल सापडली नाही की फील्ड मागे जाऊन शोधते. अख्ख्या पुस्तकात ती कुठेच नसेल, तर पट्टीत ठळक इंग्रजीत एररची ओळ येते.

अनुक्रमणिका रेफरन्सेस टॅबमधून घाला. तिच्या ओळी हाताने सजवल्या, तर पुढच्या अपडेटला सगळे पुसले जाते. टीओसी १ ही अनुक्रमणिकेतल्या प्रकरणांच्या ओळींची स्टाइल मॉडिफाय करा, आणि इथेही कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग भरा. शेवटचे मुद्रितशोधन झाल्यावर कंट्रोल-ए, मग एफ-९, आणि ‘अपडेट एंटायर टेबल’.

लिब्रेऑफिसमध्ये हेच काम एफ-११ ने उघडणाऱ्या स्टाइल्सच्या पट्टीतून होते. देवनागरीसाठीचा फाँट तिथे सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) या नावाखाली असतो.

छपाईवाल्याकडे वर्डची फाइल देऊ नका; त्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसला, तर ओळी सरकतात आणि पानांचे आकडे बदलतात. सेव्ह ॲजमधून पीडीएफ करा, आणि ऑप्शन्समध्ये हेडिंग्जवरून बुकमार्क करण्याची खूण करा. प्रिंटच्या मार्गाने केलेल्या पीडीएफमध्ये हे बुकमार्क येत नाहीत. बुकमार्कांच्या यादीत एखादे प्रकरण गायब असेल, तर त्याच्या नावाला अजून हेडिंग १ लागलेलेच नाही.