मधुमेह असेल तर घरी बीपी कसं मोजावं?

मधुमेह असलेल्या घरात शुगरचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण बीपीचं कुणी विचारत नाही. तो दवाखान्यात मोजला जातो, तेही एसटीतून उतरून जिना चढून आल्यावर, नंबर लागला की लगेच. त्या एका आकड्यावर गोळी वाढवायची की नाही ते ठरतं.

शुगरइतकंच बीपीकडेही लक्ष का द्यायचं? ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. १९९८ मध्ये निष्कर्ष आला की ज्यांचा बीपी जास्त काटेकोर ठेवला (सरासरी १४४/८२, दुसऱ्या गटात १५४/८७), त्यांच्यात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला. फरक जेमतेम दहा अंकांचा. आता मधुमेहींसाठी साधारणपणे १३०/८० च्या खाली राहायला सांगतात. तुमचं उद्दिष्ट मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाचं स्वस्त दिसतं, पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घ्यायच्या आधी मोजायचं. तंबाखू, मिश्री, विडी यातलं काही आधीचा अर्धा तास नको. पाठ टेकून खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून नाही. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प बसा. शेजारी कुणी पाण्याच्या टँकरचा विषय काढला तर उत्तर नंतर द्या. बोलण्यानंही आकडा चढतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. वही डॉक्टरांना दाखवा; चांगला आलेला आकडा तेवढाच लिहायचा मोह टाळा.

आता एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. जुन्या मधुमेहात नसा कमजोर होतात आणि उभं राहताच बीपी घसरतो. म्हणून आठवड्यातून एकदा बसून मोजल्यावर उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा उठताना अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

मिठाचं बोलायचं तर सांगलीत भडंग सोडा म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पण भडंग, ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे हे सगळं धरून दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या, आत बसवायचं आहे. सैंधवही मीठच आहे. पोटॅशियम असलेलं ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात.

वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची (हे एक प्रथिन) आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्या. हृदयाचा धोका तिथेही दिसतो.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत जडपणा, दम लागणं, अचानक दरदरून घाम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही असेल तर मात्र मोजत बसू नका. मधुमेहात छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो. लगेच १०८ ला फोन लावा.