टाइट एंड खेळवताय? या चुका टाळा

अमेरिकेत एमएस करताना मी दोन सीझन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमसाठी व्हिडिओ कापायचं काम केलं. टाइट एंड म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून समोरच्यांना अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू. त्याच्या त्याच त्या चुका कापून कापून बोटं झिजली.

सगळ्यात संतापजनक चूक म्हणजे आपल्याच टाइट एंडला झाकणं. लाइनवरच्या, म्हणजे बॉलच्या रेषेवर उभ्या असलेल्या, खेळाडूंपैकी दोन टोकाच्यांनाच पास झेलता येतो. टाइट एंडच्या बाहेर एखादा रिसीव्हर (पास झेलणारा गडी) लाइनवरच उभा राहिला की टाइट एंड टोकाचा उरत नाही. तो पास झेलू न शकणाऱ्या गार्ड-टॅकलच्या पंगतीत बसतो, आणि पासच्या वेळी तीन यार्डांपलीकडे धावला की फ्लॅग, म्हणजे पंचाचा पिवळा रुमाल आणि दंड.

एकदा थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) होता, गोल लाइन सहा यार्डांवर. टाइट एंडने गोल लाइनपलीकडे, एंड झोनमध्ये बॉल झेलला, बँड सुरू झाला आणि गवतावर पिवळा रुमाल दिसला. टचडाउन रद्द, वर पाच यार्ड मागे. पुढे फील्ड गोलची किकही हुकली. रात्री फ्रेम थांबवून पाहिलं, तर फ्रेशमन रिसीव्हरचा बूट जेमतेम अर्धा यार्ड पुढे, म्हणजे लाइनवर! उभं राहिल्यावर कडेच्या पंचाकडे बघून हाताने विचारायचं असतं. लाइनच्या मागे असलात तर तो हात मागे पसरून दाखवतो. एवढंही न करणाऱ्याला मी बाकावर बसवला असता, पण मला कोण विचारतो.

दुसरी चूक, ब्लॉकिंगचा, म्हणजे समोरच्याला अडवून धरण्याचा, कंटाळा. प्रत्येक नव्या पोराला ब्रॉक बॉवर्स व्हायचंय. 2022 मध्ये जॉर्जिया विद्यापीठासाठी या टाइट एंडने 63 झेल घेतले, 942 यार्ड काढले. त्याच टीमच्या दुसऱ्या टाइट एंडचे, डार्नेल वॉशिंग्टनचे, झेल 28 होते. सहा फूट सात इंचांचा हा गडी पुढून माणसं बाजूला करायचा. दोघं एकत्र मैदानात आले की बचाव पेचात पडायचा: आडदांड लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले गडी) उतरवले तर बॉवर्स निसटणार, चपळ पोरं उतरवली तर वॉशिंग्टन त्यांना तुडवणार. त्या सीझनला विजेतेपद जॉर्जियाचंच. नुसते झेल मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

फक्त रनच्या, म्हणजे बॉल घेऊन धावायच्या, वेळीच टाइट एंड उतरवलात तर समोरच्याला चिठ्ठीच पाठवलीत म्हणा.

आणि पवित्रा. रन असला की जमिनीला टेकलेल्या बोटांवर भार येऊन टोकं पांढरी पडतात, पास असला की वजन टाचांवर सरकतं. बचाववाले नेमकं हेच बघतात. मी आमच्या पोरांच्या बोटांच्या क्लिप वेगळ्या काढून ठेवायचो. एकाच्या बाबतीत अकरापैकी दहा वेळा माझा अंदाज बरोबर आला. त्याला दाखवलं, तर म्हणाला कॅमेरा खराब आहे.