एचओ रुळांखाली ठाण्याची खडी

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप: १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. आपल्या रेल्वेची खडी २० ते ६५ मिमीची, म्हणून मॉडेलवर ती पाऊण मिमीच्या आतच हवी. दाणा त्याहून जाड झाला की ट्रॅक खेळण्यातला दिसतो. (ब्रॉडगेजच्या हिशोबाने रुळांत १९.३ मिमी अंतर हवं, बाजारातला ट्रॅक १६.५चा. त्यावर फार डोकं शिणवू नका.)

घोडबंदर रोडच्या कुठल्याही बांधकामावर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) सापडते. ती बेसॉल्टची, म्हणजे मध्य रेल्वेच्या खडीचाच दगड, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. पाणी नितळ होईपर्यंत धुवा, नाहीतर बारीक भुकटी डिंकात मिसळून राखाडी साय धरते. वाळवून दोन चाळण्यांमधून काढा. मीटरभर ट्रॅकला, रुळांखालच्या कॉर्क पट्टीच्या उतारासकट, दीडशे ग्रॅम पुरते.

आता बहुतेकजण गाळतात ती पायरी: कागदात गुंडाळलेला लोहचुंबक खडीवरून फिरवा. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, असतं. असे सुटे कण इंजिनाच्या मोटरचा चुंबक वर ओढतो, आणि ते गिअरमध्ये अडकतात. चिकटलेले दाणे टाकून द्या. निम्मी खडीच चिकटत असेल तर ती सगळीच सोडा. त्याऐवजी संगमरवराची कच राखाडी ॲक्रिलिकने रंगवून वापरा.

खडी टाकण्याआधी रुळांना वीज देणाऱ्या वायर सोल्डर करून गाडी चालवून बघा; नंतर दुरुस्ती म्हणजे खोदकाम. रुळांच्या बाजू गंजक्या तपकिरी रंगवा, स्लीपर सिमेंटी राखाडी. मग खडी ओता आणि मऊ ब्रशने सारखी करा. स्लीपरचा माथा उघडाच राहू दे.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारा. कोरड्या खडीवर डिंकाचा थेंब गोळी होऊन बसतो आणि दाणे वाहून नेतो. त्यानंतर एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, हे मिश्रण सिरिंजने रुळांमध्ये सोडा. पॉइंटच्या (गाडी रूळ बदलते त्या जागेच्या) हलत्या पात्यांजवळ डिंक नकोच. तिथे खडी मोजकी, पात्यांना तेलाचं बोट. डिंक ओला असतानाच रुळांचे माथे पुसून घ्या.

उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. पावसाळ्यात, विशेषतः खाडीकाठच्या घरांत, दोन दिवस हात लावू नका. मग एकटा डबा हाताने ढकलून बघा. जिथे चाक उसळेल तिथे रुळाच्या आतल्या अंगाला दाणा चिकटलेला असतो; बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो उडवा.