चित्रवर्ग घेणाऱ्या नव्या चित्रकारासाठी : आपला हात कुठे थांबवायचा

कला महाविद्यालयातून बाहेर पडलं की घरखर्चासाठी मुलांचे वर्ग घ्यायचे, ही महाराष्ट्रातल्या चित्रकारांची पायाखालची वाट. पहिल्या रविवारी बारा मुलं समोर बसतात आणि तासाभरात सर किंवा मॅडम बाराही कागदांवर स्वतःच रेघा ओढत फिरत असतात. चित्रं सुबक होतात, पालक खूश होतात. दोन महिन्यांनी तेच मूल कोऱ्या कागदापुढे बसून ‘सुरुवात करून द्या ना’ म्हणतं. म्हणून पहिल्या दिवसापासून नेम करा: मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. खिशात पाठकोऱ्या कागदाचे चिटोरे ठेवा. दाखवायचं ते चिटोऱ्यावर, मुलाच्या कागदाशेजारी काढून दाखवा आणि चिटोरा बरोबर घेऊन पुढे जा. तिथेच ठेवलात तर मूल वस्तूकडे न बघता त्याचीच नक्कल करतं.

एका शिक्षकामागे 12 मुलं पुरेत. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना एक तास, त्यापुढच्यांना दीड तास. दहा वर्षांखालची आणि तेरापुढची मुलं एकत्र बसवू नका. मोठी मुलं लहानांच्या चित्रांना हसतात आणि लहान मुलं मोठ्यांची चित्रं बघून हात आखडता घेतात. दीड तासात पहिली दहा मिनिटं स्थिरस्थावर होण्यात जातात. प्रात्यक्षिक सात-आठ मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि ते झालं की आपलं चित्र पालथं ठेवा. मग पन्नासेक मिनिटं काम, दहा मिनिटं सगळी चित्रं भिंतीशी मांडून बघणं, उरलेला वेळ आवराआवर. ब्रश धुणं हा वर्गाचाच भाग. ते काम आपल्या अंगावर घेतलंत तर महिन्याभरात ब्रशांचे झाडू होतात.

सामानात कागदावर काटकसर करू नका. फुल इम्पिरियल कागद 22 × 30 इंचांचा असतो, त्याचे चार तुकडे केले की 11 × 15 चा क्वार्टर मिळतो. बारा मुलांना तीन कागद लागतात, आणायचे पाच. साधा 120-130 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, कागदाची जाडी त्यावरून कळते) कार्ट्रिज कागद पेन्सिल आणि पोस्टर कलरला ठीक आहे, पण त्यावर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की तो फुगतो, खळग्यात पाणी साचून डाग पडतात. जलरंगाला 200 जीएसएमच्या पुढचा कागद घ्या आणि चारही कडा टेपने बोर्डला चिकटवा. पेन्सिली एचबी, 2बी आणि 4बी. 6बी लहान मुलांच्या हातात दिली की तळहाताने सगळं चित्र काळं होतं.

पोस्टर कलरचे दोन दोष सतत दिसतात. वाळल्यावर तडे पडणं हा एक: डबीतला रंग तसाच जाड थापला की वाळताना आकसतो आणि पापुद्रे सुटतात. रंग सायीइतका दाट हवा. ब्रशची खूण दोन क्षण दिसून बसली पाहिजे. दुसरा दोष पट्टे पडणं. संकल्पचित्राची (नक्षीच्या चित्राची) पार्श्वभूमी अर्धी रंगवून झाल्यावर तयार केलेला निळा संपतो आणि दुसऱ्यांदा मिसळलेला निळा कधीच तसा येत नाही. अंदाजाच्या दीडपट रंग एकदम करायला लावा. प्रत्येकाला पाण्याच्या दोन वाट्या द्या, एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. चित्रं मातकट का होतात याचं निम्मं उत्तर एकाच वाटीत असतं.

आता तांब्या. वस्तुचित्राची सुरुवात त्यानेच करा, कारण त्यात मुलांची ठरलेली चूक सापडते. दहापैकी आठ जण काठाचं लंबवर्तुळ दोन्ही बाजूंना टोकदार काढतात, पापणीसारखं, आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखं सरळ. हे हात वाईट म्हणून होत नाही. तांब्या टेबलावर सपाट बसतो हे मुलाला माहीत असतं आणि ते माहीत असलेलंच काढतं. इथे ‘नीट बघ’ म्हणून काही होत नाही. तांब्या स्टुलावर ठेवा आणि मुलांना आधी जमिनीवर मांडी घालून, डोळे काठाच्या बरोबर समोर येतील असं बसवा: काठ नुसती आडवी रेघ दिसतो. मग उठून उभं राहायला सांगा: काठ उघडतो. मग विचारा, काठ जास्त गोल दिसतो की बूड? बूड डोळ्यांपासून आणखी खाली असल्यामुळे त्याची गोलाई काठापेक्षा जास्त. हे दिसलं की बहुतेक मुलं बुडाची रेघ आपणहून वाकवतात. यात वीस मिनिटं जातात, चित्र अर्धवट राहतं, घरी न्यायला काही नसतं. राहू द्या.

पालकांचा प्रश्न इथेच येतो. ‘आज काय काढलं?’ आणि लगेच व्हॉट्सॲपवर फोटो. सुरुवातीलाच सांगून ठेवा की दर वेळी पुरं चित्र घरी येणार नाही, महिन्याच्या शेवटी सगळे कागद एकत्र दाखवू. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घालायची सवय लावा. पहिल्या आणि दहाव्या आठवड्यातला तांब्या शेजारी ठेवले की बोलावं लागत नाही.

तेरा ते सोळा वयाच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना स्वतःचं चित्र आवडत नाही आणि खोडरबर हातातून सुटत नाही. कागद खरवडून निघतो आणि त्या जागी रंग काळपट शोषला जातो. पहिली वीस मिनिटं बॉलपेनने काढायला लावा. खोडता येत नाही म्हटल्यावर रेघ टाकण्याआधी बघणं वाढतं. ॲनिमेची पात्रं काढणाऱ्यांना हिणवू नका. त्याच पात्राच्या डोक्याची उंची मोजून ती शरीरात किती वेळा बसते ते काढायला सांगा, मग शेजारच्या मित्राची मोजायला सांगा. प्रमाणाचा तास तिथेच होतो. आणि प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणू नका, या वयात ते लगेच ओळखतात. ‘मानेची रेघ खांद्याला मिळते तिथे बरोबर दिसलंय’ असं जागेवर बोट ठेवून सांगा. बोटच ठेवायचं, पेन्सिल नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षा वर्गाचं अर्थकारण चालवतात, हे मान्य करून टाका. दोन दिवस, चार विषय: वस्तुचित्र (इंटरमिजिएटला स्थिरचित्र), स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून इंटरमिजिएटला गर्दी जास्त. बहुतेक मुलांचे अर्ज शाळेतूनच जातात, तेव्हा तारखांसाठी शाळेच्या कलाशिक्षकांशी संबंध ठेवा; त्यांना तुम्ही प्रतिस्पर्धी वाटू नये एवढं बघा. स्मरणचित्रात मुलांकडे पाठ केलेला एकच देखावा असतो: दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी. काढणारी निम्मी मुलं चौथ्या मजल्यावर राहतात. त्याऐवजी घरून निघताना एक गोष्ट बघून यायला सांगा. भाजीवाला वजन करताना कोणता खांदा खाली जातो? छत्री मिटताना कोपर कुठे असतं? आल्यावर पाच मिनिटांत नुसत्या रेघांनी काढायचं. असे तीसेक झटपट आकार हातात बसले की परीक्षेत कोणताही प्रसंग आला तरी माणसं उभी राहतात. तयार चित्र पाठ करून घेण्याचा धंदा जोरात चालतो. त्यात प्रश्न थोडा बदलला की मूल अडतं.

पैशांचा हिशेब नमुन्यादाखल मांडून बघू. 12 मुलं, महिना 800 रुपये, म्हणजे 9,600. हॉलचं भाडं चार रविवारचे 2,000, सामान मुलामागे 100 प्रमाणे 1,200. उरले 6,400. दीड तासाच्या वर्गाला तयारी एक तास आणि आवराआवर अर्धा तास धरली तर महिन्याचे 12 तास, ताशी सुमारे 533. तीन मुलं गळाली की उरतात 4,300, ताशी 358. भाडं तेवढंच राहतं, म्हणून फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या आणि बुडालेल्या तासाची भरपाई दुसऱ्या बॅचमध्ये बसवा, पैसे परत देऊन नको.

शाळेत नियमित कलाशिक्षक व्हायचं तर ए.टी.डी.सारखी (आर्ट टीचर डिप्लोमा) अध्यापनाची पात्रता लागते. पाहुणा म्हणून जायचं तर दार थोडं रुंद आहे: 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात 10 दप्तराविना दिवस सुचवले आहेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, चित्रकार यांच्याकडून शिकावं म्हणून. अशा कामाला होकार देण्याआधी लेखी विचारा: मुलं किती, नळ वर्गापासून किती लांब, बाकं हलतात का, सामान कुणाचं, मानधन कोणत्या तारखेला. ‘साठेक मुलं असतील’ म्हणजे नव्वद धरा. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, शाळा मागतात. एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसू नका. फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. चित्रातून किंवा बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर ते पोलिसांना कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचं आहे. फक्त मुख्याध्यापकांच्या कानावर घालून तुमची जबाबदारी संपत नाही.

वर्षातलं सगळ्यात मागणीचं काम म्हणजे गणपतीआधीची शाडूची कार्यशाळा, आणि आपला हात आवरणं इथे सगळ्यात अवघड. सहा इंची मूर्तीला सव्वा किलो माती. बारा मुलांना 15 किलो, वर तीन किलो जास्तीची. दोन-दोन तासांची दोन सत्रं, आणि शेवटचं सत्र चतुर्थीच्या किमान दहा दिवस आधी. पावसाळी हवेत मूर्ती वाळायला आठवडाही लागतो.

माती कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. बोटाला चिकटली तर ओली आहे. अशा मातीच्या धडावर डोकं ठेवलं की ते हळूहळू खांद्यात बसतं. आधी पाट, मग पोट, मांड्या, मग हात, डोकं, सोंड, कान, शेवटी मुकुट. जोडायच्या दोन्ही जागा काडीने खरवडून मधे मातीची पातळ रबडी लावायची. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात वाळताना खांद्यातून सुटतो. मानेत आधाराला काडी घालायचीच तर आखूड, कारण माती आकसते, काडी आकसत नाही, आणि तडा तिच्याभोवतीच जातो. पोट खालून चमच्याने पोकळ करून भिंत दीडेक सेंटीमीटर ठेवा. पहिला दिवस वर्तमानपत्राने सैल झाकून सावलीत, पंख्याखाली नाही. सोंड आणि कान आधी वाळून ओढले जातात. दोन सत्रांच्या मधे ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक. हात बादलीतच धुवायचे, बेसिनमध्ये धुतले तर प्लंबरचं बिल तुमच्या मानधनातून जाईल.

‘सोंड तुम्ही करून द्या’ असं प्रत्येक मूल म्हणतं, पालकही दारातून तेच म्हणतात. त्याच्यासमोर आपल्या वेगळ्या गोळ्याची सोंड वळून दाखवा आणि मोडून टाका. रंग द्यायच्या आधी मूर्ती गालाला लावून बघायची; थंड लागली तर आत ओल आहे. रंग पोस्टर कलरच, ऑइल पेंट नाही, नाहीतर विसर्जनात माती विरघळत नाही. डोळे सगळ्यात शेवटी, 0 नंबरच्या ब्रशने. चुकले तर ओल्या कापसाने पुसू देऊ नका, कच्ची माती रंगासकट निघते. पूर्ण वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा आणि ब्रश परत मुलाच्याच हातात द्या.