नववीच्या वर्गात कोर्चाक सांगताना

पोलंडमधल्या वॉर्सात ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवणारे डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्याबद्दल वर्गात सांगायचं असेल, तर एक पथ्य पाळा. आगगाडीपासून सुरुवात करू नका. ऑगस्ट १९४२ मध्ये वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतल्या, अनाथाश्रमाची सुमारे दोनशे ज्यू मुलं आणि त्यांचे हे डॉक्टर त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले गेले, हे आधी सांगितलं की वर्ग सुन्न होतो आणि आपल्याला वाटतं, तास रंगला. पण ती मुलं कशी जगत होती, ते कुणालाच कळलेलं नसतं.

मी दोन तास लागोपाठ मागून घेते. पहिला सगळा आश्रमाला. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर तो सुरू झाला. कोर्चाक बालरोगतज्ज्ञ, पण रोजचा गाडा हाकायच्या स्तेफानिया विल्चिन्स्का. त्यांचं नाव फळ्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. १९३९ मध्ये त्या पॅलेस्टाईनहून वॉर्साला परतल्या आणि शेवटपर्यंत मुलांसोबत राहिल्या. गोष्ट सांगणारे त्यांना हमखास विसरतात, याचा मला राग येतो.

मग आश्रमातलं मुलांचं न्यायालय वर्गात भरवा. न्यायाधीश मुलंच. तक्रार कुणाहीविरुद्ध करता येते, शिक्षकांविरुद्धसुद्धा. कोर्चाक यांनी तर स्वतःवरच खटले गुदरले होते. त्यांच्या संहितेतली पहिली ९९ कलमं कुठल्या ना कुठल्या कारणानं माफ करणारी आहेत, कडक कलमं १०० पासून पुढे. आठवडाभर वर्गातल्या खऱ्या तक्रारी चालवा. डबा पळवला, टोपणनाव ठेवलं, एवढ्याच. मारामारी किंवा घरचं काही निघालं तर ते न्यायालयात नको, तुम्ही स्वतः बघा.

घेट्टोकडे दुसऱ्या तासाला या. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंतीचे दरवाजे बंद झाले, आश्रमाला जागा सोडावी लागली. मुलांच्या खाण्याचे बटाटे जप्त झाले म्हणून जाब विचारायला गेलेल्या कोर्चाक यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते रोज दारोदार फिरून मुलांसाठी अन्न गोळा करत. दर शनिवारी मुलांचं वजन होई. इथं थांबा आणि विचारा: काटा खाली जाताना दिसतोय, तरी वजन का करायचं? घाईनं उत्तर देऊ नका.

त्यानंतर रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा शेवटचा प्रवेश मुलांकडून वाचून घ्या. १८ जुलै १९४२ रोजी आश्रमातल्या मुलांनी हे नाटक केलं; चारच दिवसांनी घेट्टोतून माणसं नेणं सुरू झालं. खिडकीशी बसलेला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो. मुलांना शांतपणे मरण स्वीकारता यावं म्हणून हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं. ते मी मुलांना शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर सगळे तेच घोकतात. आश्रमापासून आगगाडीपर्यंत मुलं चालत गेली, त्या शेवटच्या मिरवणुकीबद्दल साक्षीदारांचं एकमत नाही. कोर्चाक यांना ओळखून सोडायला निघालेल्या जर्मन अधिकाऱ्याची कथा तर वगळाच.

कोल्हापुरात असाल तर कुणीतरी वळिवड्याचं नाव काढणारच. फरक स्पष्ट करा: १९४३ पासून तिथल्या छावणीत राहिलेले पोलिश निर्वासित बहुतेक कॅथलिक होते, आणि सोव्हिएत राजवटीनं त्यांना घराबाहेर काढलेलं होतं.

"मुलांना पळवून का नेलं नाही?" हा प्रश्न येतोच. कोर्चाक यांना बाहेर पडायची संधी होती, ती त्यांनी नाकारली. मुलांसाठी तशी वाट नव्हती. पोलिश समाजसेविका इरेना सेंडलर आणि त्यांच्या साथीदारांनी कितीतरी मुलं चोरून बाहेर काढली. पण ती एकेक करून, दर मुलामागे खोटे कागद आणि ठेवून घेणारं घर किंवा मठ शोधून. ज्यूंना आसरा देणाऱ्या पोलिश माणसाला मृत्युदंड होता. आता वर्गालाच हिशोब करू द्या: दोनशे मुलांना किती घरं लागली असती, आणि आपल्या गल्लीतली किती दारं उघडली असती.