पावसाआधी शेडवर डांबरी फेल्ट घालताना खिळा कुठे मारू नये

पाऊस तोंडावर आला की बियाणं आणि खत आधी येऊन पडतं, पण ते ठेवायच्या शेडच्या छपराकडे पहिली सर येईपर्यंत कोणी बघत नाही. युरिया नुसती हवेतली ओल ओढूनही गड्डे धरतो; वरून टिपटिप सुरू झाली तर गोणी गेलीच म्हणा. छप्पर फळ्यांचं किंवा प्लायवूडचं असेल आणि त्यावरचं डांबरी फेल्ट (डांबर मुरवलेली, गुंडाळीत मिळणारी जाड चादर) तडकलं असेल, तर ते बदलण्याचं काम कोरडे दिवस आहेत तोवर उरका.

जुनं फेल्ट काढूनच टाका. त्याच्यावर नवं चढवलं तर वर आलेले जुने खिळे खालून भोसकतात आणि कुजलेली फळी झाकून राहते. खिळे उपटून घ्या. जिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुततं ती फळी बदला. ओल्या फळ्यांवर फेल्ट घालू नका, कोंडलेली ओल लाकूड खाते.

रोल साधारण 1 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब असतो. कटर लावण्याआधी हिशेब मांडा. समजा छप्पर 2.4 मीटर लांब आणि एकेक पाखा 1.3 मीटरचा आहे. दोन्ही टोकांना 5-5 सेंमी खाली वळवायचं, म्हणून पट्टी 2.5 मीटरची, रोलमधून बरोबर चार निघतात. दोन पट्ट्या दोन्ही वळचणींना. तिसरी लांबीत मधोमध चिरली की वरच्या उरलेल्या भागांना अर्धी-अर्धी पुरते. चौथीतून आढ्यावरची 30 सेंमी रुंद पट्टी काढा; उरलेला तुकडा ठिगळासाठी ठेवा. मात्र या हिशेबात चुकायला जागा नाही, माप दोनदा घ्या.

पट्ट्या कापल्या कापल्या ठोकू नका. सपाट जागी पसरून गुंडाळीचा बाक जाऊ द्या, नाहीतर नंतर उन्हात लाटा उठतात. गारठ्यात फेल्ट उलगडताना तडकतं, भर उन्हात नरम पडून खिळ्यापाशी फाटतं. सकाळची कोवळी उन्हं बरी. फळ्या पातळ असतील तर छपरावर चढू नका, शिडीवरूनच काम करा.

कौलं शाकारताना खालून वर जातो, तसंच इथेही. आधी वळचणीची पट्टी, 5 सेंमी खाली वळवून. तिची वरची कड सुमारे 15 सेंमी अंतराने ठोका. हे खिळे पुढे झाकले जातात. मग वरची पट्टी खालचीवर किमान 7.5 सेंमी चढवा, मध्ये डांबरी चिकटवण फासा आणि हाताने दाबत जा. लांब शेडवर उभा सांधा आला तर तिथे 15 सेंमी चढवा, आणि वरच्या तुकड्याची मोकळी कड पावसाच्या वाऱ्याच्या तोंडाला येऊ देऊ नका.

आता खिळे. मोठ्या चपट्या डोक्याचे, जस्ताचा मुलामा असलेले, पातळ फळ्यांना 13 मिमीचे. चढवलेल्या कडेला दर 5 सेंमीवर, वळचणीला आणि बाजूंना 10 सेंमीवर. पट्टीच्या मधोमध एकही नाही. मी एकदा फुगा बसवायचा म्हणून मधे दोनच खिळे मारले होते. त्या पावसात गळलं ते नेमकं त्या दोन जागी. फुगा आला तर कडेचे खिळे काढून पट्टी परत ताणा. शेवटचा घाव हलका ठेवा. डोकं फेल्टला टेकलं की थांबायचं, ते फेल्ट चिरून आत गेलं तर आपणच भोक पाडलं.

कोपऱ्यात कापू नका. वहीला कव्हर घालताना मुडपतो तसं दुमडून खाली ठोका. आढ्यावरची पट्टी दोन्ही पाख्यांवर सारखी उतरवून, चिकटवण लावून सगळ्यात शेवटी बसवायची.

पहिली सर ओसरली की टॉर्च घेऊन शेडमध्ये जा. फळीवर काळपट ओल दिसली, तर भोक बरोबर तिच्या वर असेल असं समजू नका. पाणी फळीच्या फटीतून घरंगळत खाली येतं, तेव्हा तिथून आढ्याच्या दिशेने एकेक खिळा तपासत वर जा.